एवढंसं चालतं का?

रविवारची दुपार. कोथरूडच्या आमच्या घरात पानं वाढलेली. आईनं खास माझ्यासाठी खमंग काकडी केली होती. काकडी किसलेली नाही हं, चोचवलेली! वर ओलं खोबरं, लिंबू, मिरची, कोथिंबीर. सगळं कसं कच्चं. मी खूश होऊन वाटी पुढे ओढली आणि तेवढ्यात नाकाला वास आला. जिरं... हिंग...

"आई, अगं फोडणी घातलीस?"

"एवढीशीच. चमचाभर. तुला तूप चालत नाही ना, म्हणून मुद्दाम तेलाची केली."

"आणि हे दाण्याचं कूट?"

"मग खमंग काकडीत काय घालायचं, कापूस?"

मी वाटी बाजूला सरकवली आणि एक गाजर धुऊन घेतलं. आई काही बोलली नाही. तिनं दोन्ही वाट्या मुकाट्यानं संपवल्या. आमच्या आईला ओळखणाऱ्यांना कळेल, ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा मला 'रॉ' होऊन पाच महिने झाले होते. रॉ म्हणजे रॉ फूड डाएट. फळं, कच्च्या भाज्या, मोड आलेली कडधान्यं, भिजवलेले बदाम, बिया. काहीही शिजवायचं नाही. ४५-४८ अंशांच्या वर गरम झालेलं काहीही पोटात जाता कामा नये. दूध, साखर, मैदा बंद आणि पाकीट फोडून खायच्या प्रत्येक गोष्टीला टाटा! जगात रॉ खाणारे काही लोक दूध-दही घेतात, पण मी ज्या बाणेरच्या गच्चीवरच्या वर्कशॉपमधून दीक्षा घेतली होती, तिथला पंथ कडक होता.

सुरुवात झाली ऑफिसच्या हेल्थ चेकअपपासून. वय वर्षं २९ आणि कोलेस्टेरॉल काठावर! हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी ट्रॅफिकमध्ये बिस्किटाचा पुडा, दुपारी कॅन्टीनचं पनीर समथिंग, चार वाजता वडापाव आणि दिवसभर मशीनची कॉफी. त्यामुळे रॉवर गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत सॉलिड फरक पडला, हे मी आजही मान्य करते. पाच किलो वजन उतरलं. कित्येक वर्षांची ॲसिडिटी गायब झाली. दर शनिवारी सकाळी मंडईत जायचं, पिशव्या भरून पेरू, पपई, काकड्या, मुळे आणायचे. ऑफिसात माझं नाव 'ससा' पडलं होतं आणि मला त्याचा चक्क अभिमान वाटायचा.

मग हे सगळं बिघडलं कुठे? बिघडलं त्या एका प्रश्नापाशी. एवढंसं चालतं का?

एक्सेलमधलं सोवळं

आयटीतली मुलगी डाएट करणार आणि एक्सेल शीट बनवणार नाही, असं कसं होईल? माझ्या शीटमध्ये दोन रकाने होते, 'चालतं' आणि 'चालत नाही'. खाली दिवसाची टक्केवारी. ९८.२ टक्के रॉ, ९९.१ टक्के रॉ. ज्या दिवशी शंभर भरायचे, तो चौकोन हिरवा. ओळीनं ३१ चौकोन हिरवे झाले, तेव्हा मी स्वतःला नवीन डबा बक्षीस दिला होता.

पण शंभर टक्क्यांच्या मागे लागलं की माणूस वाचायला लागतो, आणि वाचायला लागलं की ताट रिकामं व्हायला लागतं. भिजवलेले पोहे मी बिनधास्त खात होते. मग कळलं की पोहे कच्चे नसतातच. भात भिजवून, भट्टीत भाजून मग चेपतात, म्हणजे आपल्या हातात येतात तेव्हा ते एकदा शिजून आलेले असतात. गेले पोहे! मग काजू. दुकानात ज्याला 'कच्चा काजू' म्हणतात त्याच्या टरफलात कातडी भाजणारं तेल असतं, म्हणून कारखान्यात बी आधी वाफवतात किंवा भाजतात आणि मगच फोडतात. गेले काजू! बेदाणे तर उन्हात वाळलेली साधी द्राक्षं ना? पण सांगली-तासगावकडचे पिवळेधमक बेदाणे होण्याआधी द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुचकळतात, आणि रंगासाठी गंधकाची धुरीही देतात. गेले बेदाणे! गूळ तर काहिलीत उकळूनच होतो. हिंगाच्या डबीत हिंगापेक्षा पीठ आणि डिंक जास्त.

हळूहळू लक्षात आलं, की मी आजीसारखी वागायला लागलेय. आजीचं सोवळं होतं. हे शिवायचं नाही, ते त्यात मिसळायचं नाही, एक थेंब पडला की सगळं पातेलं बाद. त्या सोवळ्यात कुणाकुणाला उंबऱ्याबाहेर ठेवलं गेलं, हे आठवलं की आज लाज वाटते. आमच्या घरातून ते जायला एक अख्खी पिढी लागली, आणि मी ते एका वीकेंडच्या वर्कशॉपमधून परत घेऊन आले होते! फक्त ओल्या धोतराच्या जागी थर्मामीटर.

आणि 'चालतं का' हा प्रश्न तरी आपल्याला कुठे नवा आहे? एकादशीला प्रत्येक मराठी घरात तो विचारला जातो. उपासाला हळद चालत नाही, मिरची चालते. आमच्याकडे कोथिंबीर चालते, काकूकडे चालत नाही. साधा वरणभात अजिबात चालत नाही, पण साबुदाणा चालतो! हा साबुदाणा म्हणजे तमिळनाडूत सेलमकडच्या कारखान्यांत टॅपिओकाचा कंद किसून, त्याचं दूध काढून, स्टार्च खाली बसवून, गोळ्या वळून, भाजून केलेला माल. टॅपिओका मूळचा दक्षिण अमेरिकेतला, बटाटा तिकडचाच, शेंगदाणाही तिकडचाच. म्हणजे आपल्या सगळ्यात पवित्र ताटात सगळ्यात जास्त प्रक्रिया झालेला पदार्थ! नियम पाळला जातो, पोटाला आराम मात्र मिळत नाही.

बापू आणि शेळीचं दूध

आपल्याकडे कच्च्या अन्नाचं वेड काही कॅलिफोर्नियाहून आलेलं नाही. पुण्यात तर त्याचा पत्ताच आहे. ताडीवाला रोडवरचं बापू भवन. आज तिथे केंद्र सरकारची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. त्याच जागी डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं आणि १९४० च्या दशकात गांधीजी तिथे येऊन राहत. मार्च १९४६ मध्ये ते सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचनला गेले आणि तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. पुढे तो मणिभाई देसाईंनी सांभाळला, वाढवला. आजही पुण्यातली कितीतरी मंडळी तिथे जाऊन राहून येतात.

हे सगळं वाचताना मला गांधीजी माझ्या बाजूचे वाटले होते. आणखी वाचल्यावर थोडी पंचाईत झाली. गांधीजींनी १९२९ मध्ये खरोखरच न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता. मोड आलेले गहू, मोड आलेले हरभरे, वाटलेले बदाम, हिरवा पाला, लिंबू, मध. माझ्याच डब्याचा मेनू! काही महिन्यांत त्यांना आमांश झाला आणि प्रयोग थांबवावा लागला. तो फसला हेही त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं.

पण मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडण्याचं व्रत घेतलं होतं. पुढे ते खूप आजारी पडले. १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत डॉक्टर म्हणाले, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. व्रत कसं मोडायचं? तेव्हा कस्तुरबांनी तोडगा काढला. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती ना? मग शेळीचं दूध चालेल! गांधीजींनी घेतलं आणि बरे झाले. पण आत्मकथेत त्यांनी लिहून ठेवलं आहे, की आपण व्रताचं अक्षर पाळलं, आत्मा मात्र मारला, आणि हे शल्य त्यांना कायम टोचत राहिलं.

म्हणजे महात्म्याच्या घरातही शेवटी हाच प्रश्न होता, एवढंसं चालतं का? फरक एवढाच, की गांधीजींना आपण दूध का सोडलं हे नीट माहीत होतं. मी फोडणी का सोडली, हे मला कुणी विचारलं असतं तर मी एक्सेल शीट उघडून दाखवली असती.

रिपोर्ट

सातव्या महिन्यात पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं, मांडी घालून बसते म्हणून असेल. मग हातांच्या बोटांना. की-बोर्डवर टाइप करताना हातमोजे घातल्यासारखं वाटायचं. जिने चढताना धाप लागायची. क्लायंट कॉलवर एकदा माझ्याच मॉड्यूलचं नाव आठवेना, आणि तिकडून कुणीतरी "हॅलो? हॅलो?" करत राहिलं. वर्कशॉपच्या ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, "डिटॉक्स होतंय, छान! धीर धर." मीही धीर धरला. दीड महिना!

शेवटी आईनं धरून डॉक्टरांकडे नेलं. रक्ताचा रिपोर्ट आला. बी-१२ होतं ११८. साधारण २०० च्या खाली गेलं की कमी समजतात.

"स्पिरुलिना घेते ना मी, त्यात असतं," मी म्हटलं.

"त्यात जे असतं, त्याचा शरीराला उपयोग होत नाही," डॉक्टर म्हणाले. "बी-१२ बॅक्टेरिया बनवतात. आपल्याला ते दूध, अंडी, मांस-मच्छीतून मिळतं. झाडपाल्यात ते नाही. कच्चा खा नाही तर शिजवून."

"पण सातच महिने झालेत. साठा काही वर्षं पुरतो म्हणतात."

"ज्याच्याकडे साठा आहे त्याला पुरतो. तुमच्या घरी पिढ्यान् पिढ्या शाकाहार. तू आधीपासून काठावरच असणार. दह्याची वाटी सोडलीस आणि खाली गेलीस."

यात डॉक्टरांनी काही जगावेगळं सांगितलं नव्हतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि आसपासच्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं! म्हणजे आपल्या सोसायटीतले, आपल्या क्युबिकलमधले लोक. जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठानं २०१ रॉ फूडवाल्यांचा अभ्यास २००५ मध्ये छापला, त्यातल्या ३८ टक्क्यांना बी-१२ ची कमतरता होती. त्याच अभ्यासात त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल मस्त कमी होतं, हेही खरं. पण चांगलं कोलेस्टेरॉलही कमी होतं, आणि बी-१२ घटलं की वाढणारं, हृदयाला नकोसं असलेलं होमोसिस्टिन वाढलेलं होतं. मी कोलेस्टेरॉलसाठी निघाले होते आणि दुसऱ्याच दारातून हृदयाचा प्रश्न घरात घेत होते!

बी-१२ दीर्घकाळ कमी राहिलं तर नसांचं नुकसान कायमचं होऊ शकतं. डॉक्टरांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, पण आईचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला.

आणि उपाय काय? इंजेक्शन, नंतर गोळी. गोळी म्हणजे कारखान्यातल्या मोठाल्या टाक्यांत बॅक्टेरिया वाढवून, गाळून, शुद्ध करून, दाबून, फॉइलमध्ये बंद केलेली वस्तू. माझ्या शीटमधल्या 'चालत नाही' रकान्यात याहून जास्त प्रोसेस्ड काही नसेल. आणि गरज किती? दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. ग्रॅमचे दहा लाख भाग करा, त्यातले दोन-अडीच! मी सात महिने चमचाभर फोडणीनं काय बिघडेल याचा हिशेब करत होते, आणि माझं सगळं अडलं होतं डोळ्यांना न दिसणाऱ्या एवढ्याशा गोष्टीवाचून.

मग चालतं का?

आता माझं उत्तर सांगते. मी डॉक्टर नाही, पण हे पोळलेल्या बोटांनी लिहितेय.

चमचाभर फोडणीनं कच्च्या जेवणाचे फायदे पुसले जात नाहीत. पाच ग्रॅम तेल म्हणजे ४५ कॅलरी. काकडीतलं पाणी, चोथा, क जीवनसत्त्व त्यानं पळून जात नाही. कच्च्या अन्नातली 'जिवंत एन्झाइम्स' एका थेंबानं मरतात असं आम्हाला शिकवलं होतं. पण ती एन्झाइम्स म्हणजे प्रथिनंच, आणि बहुतेक जठरातल्या ॲसिडमध्ये तशीही मोडतात. उलट गंमत ऐका. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठानं २००४ मध्ये एक छोटासा प्रयोग छापला. लोकांना सॅलड दिलं, कधी बिनतेलाच्या ड्रेसिंगसोबत, कधी ६ ग्रॅम तेलासोबत, कधी २८ ग्रॅम. बिनतेलाच्या सॅलडमधून गाजर-टोमॅटोतली कॅरोटिनॉइड्स शरीरात जवळजवळ शोषलीच गेली नाहीत. तेल घातल्यावर गेली. सहा ग्रॅम म्हणजे आईचा तो चमचा! त्या रविवारी बाणेदारपणे जे कोरडं गाजर मी चावत बसले होते, त्याला खरं तर फोडणीचीच गरज होती.

पण म्हणून 'एवढंसं' सगळंच चालतं, असंही नाही. पाकिटातल्या वस्तूंची भानगड वेगळी आहे. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठाच्या कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये अन्नाची प्रक्रियेनुसार विभागणी मांडली. आज तिचे चार गट करतात. जवळजवळ जसंच्या तसं अन्न, तेल-मीठ-साखरेसारखे स्वयंपाकातले जिन्नस, साधे प्रक्रिया केलेले पदार्थ आणि कारखान्यात जुळवलेले अल्ट्रा-प्रोसेस्ड पदार्थ. आईची फोडणी आणि माझा जुना बिस्किटाचा पुडा एकाच रकान्यात टाकणं, ही माझ्या शीटची मूळ चूक होती. अमेरिकेतच २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं, हवं तेवढं खा म्हणून. पाकीटवाल्या आठवड्यांत ते दिवसाला सरासरी ५०० कॅलरी जास्त खात होते. म्हणजे एका बिस्किटानं शरीर बाटत नाही. पण एक बिस्कीट 'एक' राहत नाही, धोका तो आहे. फोडणी कुणी दुसऱ्यांदा मागून पीत नाही. बाकरवडीचं मात्र तसं नाही, हे चितळ्यांच्या दुकानातून पाव किलो घेऊन घरापर्यंत अर्धा पाव आणणाऱ्या माझ्यासारख्यांना सांगायला नको!

आणि मिठाचा हिशेब वजनावर करू नका. लोणचं, पापड, पाकिटातली चटणी दिसायला एवढीशी, पण जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते, म्हणजे सपाट चमचाभर, सगळं धरून. ते बघताबघता संपतं. उलट मी 'नॅचरल' म्हणून सैंधवावर गेले होते, त्यात पुरेसं आयोडीन नसतं. जे 'प्रोसेस्ड' साधं मीठ मी फेकलं, त्यात मुद्दाम घातलेलं होतं.

त्यामुळे आता मी 'किती टक्के' विचारत नाही. दोन प्रश्न विचारते. हे मी का खातेय? आणि उद्याही एवढंच राहील का? उत्तर 'आईनं केलंय म्हणून' आणि 'हो' असेल, तर चालतं.

रविवार, पुन्हा

मुंग्या जायला चार महिने लागले. उजव्या पायाच्या करंगळीतली अजून पूर्ण गेलेली नाही. जाईल, असं डॉक्टर म्हणतात. डबा आजही अर्धा कच्चाच असतो, पेरू, काकडी, मोड आलेले मूग. पावसाळ्यात मूग वाफवून घेते. गांधीजींना जे झालं ते मला नको. दही परत आलं. शीट मी डिलीट केली नाही, पण उघडतही नाही.

एक गोष्ट राहिली. माझा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी आईलाही तपासून घ्यायला सांगितलं. गेली काही वर्षं ती दुपारी चारला आडवी व्हायची, पाय चेपत बसायची. आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं. तिचं बी-१२ निघालं १४०. वय नव्हतं झालं हो, कुणी विचारलंच नव्हतं. मी चमचाभर तेलावरून तिच्याशी वाद घालत होते, तेव्हा ती समोर बसून पाय चेपत होती आणि मला ते दिसत नव्हतं. शीटमध्ये तिचा रकानाच नव्हता ना!

आता आम्ही दोघी आठवड्याची गोळी रविवारी जेवणानंतर एकत्र घेतो. गेल्या रविवारी नेमकी एकादशी आली. आईनं साबुदाण्याची खिचडी केली, माझ्यासाठी खमंग काकडीही. फोडणीसकट. वाटी संपवून मी गोळ्यांची पट्टी पुढे केली, तर आई हातात पाण्याचा पेला धरून थांबलेली.

"अगं," ती काळजीनं म्हणाली, "ही उपासाला चालते का?"